टर्बो पिकअपचं इंजिन परत चढवताय? आधी गाडीत जे राहिलंय ते साफ करा

दादा, प्रश्न वाचला. मला समजलं ते असं, २०१८ ची बोलेरो पिकअप, अडीच लिटरचं कॉमन रेल (एकाच जास्त दाबाच्या पाइपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं) टर्बो इंजिन, नारायणगाववरून टोमॅटो भरून वाशी मार्केटला जाते, माळशेज उतरून पुढे गेल्यावर टर्बोने (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) शिट्टी धरली, मग निळा धूर, ऑइल संपलं आणि तीन नंबरच्या पिस्टनने धरलं. इंजिन पुण्यात आणून बोअर करून बांधून घेतलंय, टर्बो नवीन घेतलाय, आता गावातल्या मिस्त्रींबरोबर घरच्या शेडमध्ये चढवणार आहात. पहिला सेल्फ मारायच्या आधी काय काय बघायचं हे विचारताय, आणि मिस्त्री म्हणतात इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), पाइप सगळं चांगलं आहे, तसंच लावू.

तसंच लावू नका. बाकी काही वाचायला वेळ नसेल तरी एवढं ऐका. बांधणाऱ्याने इंजिन धुतलं, मोजलं, नवीन माल टाकला, ते सगळं बरोबर. पण जुनं इंजिन ज्यामुळे गेलं ते बऱ्याचदा इंजिनात नसतंच, ते इंटरकूलरमध्ये, ऑइलच्या बारीक पाइपात, एअर फिल्टरच्या होजमध्ये नाहीतर रेडिएटरमध्ये बसलेलं असतं आणि तुम्ही नवीन इंजिन नेऊन त्यालाच जोडता. आमचं वर्कशॉप भोसरीत, बहुतेक गाड्या चाकण, मंचर, आळेफाटा या पट्ट्यातल्या पिकअप आणि टेम्पो, आणि इंजिन बांधल्यावर महिन्या-दोन महिन्यांत परत आलेल्या गाड्यांमध्ये इंजिन बांधणाऱ्याची चूक निघते त्यापेक्षा जास्त वेळा गाडीत राहिलेली घाण निघते. एक पिकअप आली होती, दुसरीकडे इंजिन बांधलेलं, टर्बो नवीन, थोडेच दिवस चाललेली आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं. इंटरकूलर काढून उभा आपटला तर काळ्या ऑइलबरोबर ॲल्युमिनियमचे तुकडे पांढऱ्या ट्रेमध्ये पडले, एक तुकडा तर सरळ सरळ जुन्या टर्बोच्या पंख्याच्या पातीचा, नखाएवढा, कडा चमकणाऱ्या. त्याचे भाऊ आधीच सिलिंडरमध्ये जाऊन लायनर खरवडून आले होते.

म्हणून पहिलं काम, जुना टर्बो भंगारात दिला नसेल तर तो आणा आणि उजेडात बघा, तो कशाने मेला ते तोच सांगतो. शाफ्ट निळा-काळा पडलाय, बेअरिंगचं पितळ त्याला चिकटलंय, तर ऑइल पोचलं नाही किंवा उशिरा पोचलं. शाफ्टवर आणि बेअरिंगवर गोल गोल ओरखडे आहेत, तर ऑइल पोचलं पण घाण होतं. हवेच्या बाजूच्या पंख्याच्या पाती कडेने झिजून पातळ आणि धारदार झाल्यात, तर फिल्टरमधून नाहीतर फिल्टरनंतरच्या होजमधून धूळ येतीये. सायलेन्सरच्या बाजूच्या पंख्याला मार बसलाय, कोपरे तुटलेत, तर इंजिनातून काहीतरी धातू बाहेर आला, म्हणजे आधी इंजिन खराब झालं आणि मग टर्बो. चारही गोष्टींचा इलाज वेगळा. हे न बघता नुसता नवीन टर्बो लावला की तो किती दिवस चालेल हे नशिबावर.

आता इंटरकूलर. टर्बोने ऑइल फेकलंय म्हटल्यावर त्यात ऑइल साचलेलं असणारच, पाव लिटर-अर्धा लिटर निघणं काही विशेष नाही. दोन्ही तोंडं खाली करून निथळू द्या, मग डिझेल घालून तोंडं बंद करून हलवा, आणि निघालेलं डिझेल पांढऱ्या सुती कापडातून गाळा. कापडावर नुसती काळी मळी आली तर ठीक. चमचम दिसली तर परत धुवा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही चमचम येत राहिली तर तो इंटरकूलर ठेवू नका, आतल्या बारीक जाळीत अडकलेला कण तुम्ही धुवून काढू शकत नाही, तो बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) आला की हवेबरोबर सुटतो. धुतल्यावर डिग्रीजर, गरम पाणी, मग हवा मारून उन्हात पूर्ण वाळवा. हे वाळवणं गंमत म्हणून सांगत नाही. आत डिझेल किंवा ऑइल राहिलं आणि इंजिन सुरू झालं की इंजिन तेच ओढून जाळतं, चावी बंद केली तरी बंद होत नाही, रेस वाढतच जाते आणि नवीन बांधलेलं इंजिन तुमच्या डोळ्यासमोर फुटतं. आमच्या भाषेत इंजिन पळालं. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, जळण आणि हवा मिळाली की बास, त्यामुळे चावीचा तिथे काही उपयोग नसतो.

टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारा पाइप), दोन्ही रबरी होज हातात घेऊन पिळून बघा, ऑइलमध्ये भिजून रबर फुगलेलं, आतून पापुद्रे सुटलेले असतील तर बदला, पापुद्रा आत ओढला गेला की गाडी लोडमध्ये दम टाकते आणि शोधता शोधता वेड लागतं. एअर फिल्टरचा डबा आतून पुसा, आणि फिल्टर ते टर्बो हा जो होज आहे त्याच्या आत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर बहुतेक फिल्टर नीट बसत नव्हता किंवा क्लिप ढिली होती. इथून आत गेलेली धूळ कोणी अडवत नाही. शेतातून माल भरणाऱ्या गाड्यांना हा रोग फार.

ऑइलचं सांगतो, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला १ लाखाच्या वर फेरे मारतो, छोटे टर्बो २ लाखाच्या जवळ जातात, आणि तो बेअरिंगला टेकलेला नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर दोन-चार सेकंद जरी नसला तरी पितळ गेलं समजा. आणि हे ऑइल ज्या पाइपातून येतं तो पाइप पेन्सिलीएवढा, एक्झॉस्टच्या शेजारून जाणारा. घाट चढून तापलेली गाडी लगेच बंद केली की पाइपातलं ऑइल तिथेच भाजतं आणि आत कोळसा धरतो. बाहेरून पाइप एकदम नवा दिसतो. हवा मारली की हवाही जाते. पण भोक निम्मं झालेलं असतं. म्हणून टर्बो बदलला की ऑइल फीडचा पाइप नवीन, यावर वाद घालायचा नाही. त्याच्या टोकाचा भोकवाला बोल्ट पण काढून भोकातून आरपार उजेड बघा, काही बोल्टमध्ये बारीक जाळी असते ती बुजलेली निघते. तांब्याचे वायसर नवीन.

परतीचा पाइप जाड असतो आणि त्यातून ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने खाली पडतं, त्याला प्रेशर नसतं. त्यामुळे त्याला उतार पाहिजे, कुठेही वळी किंवा चिमटा नको. आणि तिथल्या पॅकिंगला सिलिकॉन लावू नका, मिस्त्रींना हात जोडून सांगा. दाबलं की सिलिकॉन आतल्या बाजूला फुगून येतं, वाळतं, निम्मं तोंड बंद करतं, ऑइल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून हवेच्या बाजूला नाहीतर सायलेन्सरमध्ये जातं, मग सगळे म्हणतात नवीन टर्बो लीक निघाला. फीडच्या बाजूला सिलिकॉनचा तुकडा गेला तर अजून वाईट, तो सरळ बेअरिंगच्या भोकात जाऊन बसतो. अजून एक, ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप मोकळा आहे ना बघा. ब्रीदर चोंदला की चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या डब्यात) प्रेशर वाढतं आणि टर्बोचं ऑइल खाली यायला जागाच राहत नाही, तिथेही दोष टर्बोवर येतो.

पिस्टन धरला होता म्हणजे ॲल्युमिनियम फिरलं असणार. बांधणाऱ्याला फोन करून विचारा, चेंबरमधली ऑइलची जाळी काढून धुतली का, ऑइल पंप उघडून बघितला का, आणि ऑइल कूलरचं काय केलं. कूलर तसाच परत लावला असेल तर तो उतरवून धुवा, शंका असेल तर बदला, जुन्या इंजिनाचा चुरा त्याच्यात असतो आणि पहिल्याच तासात तो नवीन बेअरिंगवर येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उलटा करून ठोका, ईजीआरचे (थोडा धूर परत इंजिनात नेणारे) पाइप बघा, तिथे रिंगचा तुकडा राहिला तर तो नवीन टर्बोच्या पंख्यावर जाणार.

नवीन टर्बो डब्यातून काढल्यावर तोंडांची झाकणं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. शाफ्ट बोटाने फिरवून बघा, वर-खाली किंचित खेळ असतो, कोरडा असताना तो जाणवणारच, घाबरू नका, पण आत-बाहेर खेळ जाणवता कामा नये आणि एका बाजूला दाबून फिरवला तरी पंखा घासायला नको. आतली कार्ट्रिज (शाफ्ट-बेअरिंगचा मधला गाभा) बदलून रिपेअर केलेला टर्बो असेल तर बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा, पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या पार्टचा सगळ्या प्रतीचा माल मिळतो, देणाऱ्याला विचारायला लाजायचं नाही.

आता चढवायचं काम. इंजिन बाहेर आहे तेव्हाच मागचं ऑइल सील, क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग आणि क्लचचं रिलीज बेअरिंग नवीन टाका, या तीन वस्तू स्वस्त आहेत आणि परत बदलायच्या म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर दाखवा. फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ती बघून लावा, आणि प्रेशर प्लेट घट्ट करायच्या आधी प्लेट मधोमध धरायला सेंटरिंगचा दांडा वापरा, नसेल तर जुना इनपुट शाफ्ट कुठल्याही गिअरबॉक्सवाल्याकडे मिळतो. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या दातेरी खाचांना) ग्रीस अगदी पुसल्यासारखं, जास्त लावलं की ते उडून प्लेटवर जातं आणि क्लच धरत नाही.

शेडमध्ये चेन ब्लॉक टांगणार असाल तर वरचा गर्डर आधी बघा. इंजिन सगळ्या जोडकामासकट २०० किलोच्या वर जातं, १ टनाचा ब्लॉक आणि चांगली साखळी पाहिजे, दोरखंड नको. पत्र्याच्या शेडच्या पाइपाला टांगू नका. इंजिनाचे दोन्ही लिफ्टिंग हुक वापरा, इनलेटला किंवा हेडच्या कुठल्या ब्रॅकेटला साखळी नको. पुढचं ग्रिल आणि रेडिएटर काढून ठेवलेले बरे, रेडिएटर जागेवर ठेवून चढवायचा प्रयत्न केला की पुलीने त्याची जाळी फोडलीच समजा. टर्बो आधी लावून इंजिन चढवायचं का नंतर, तर जागा बघून ठरवा, पण टर्बोला धरून इंजिन ढकलायचं नाही, पोरं हमखास तिथेच हात घालतात.

गिअरबॉक्सखाली जॅक लावा आणि तो इंजिनाच्याच कोनात ठेवा, वरखाली करत दोघांची तोंडं समांतर आणा. इथे घाई झाली की नुकसान होतं. स्प्लाइन बसत नसेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि एका माणसाने मागून प्रोपेलर शाफ्टचा फ्लँज हाताने हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने इंजिन हलवत सरकवायचं, टक करून आत जातं. बेल हाऊसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं तोंड) ब्लॉकला हाताने टेकलं पाहिजे. बोटभर गॅप राहिला आणि मिस्त्री म्हणाले बोल्टने ओढून घेऊ, तर थांबवा त्यांना. शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगच्या कडेवर अडकलेलं असतं किंवा प्लेट सेंटरला नसते, बोल्टने ओढलं की बेल हाऊसिंगचा कान तुटतो नाहीतर क्लच प्लेटचा हब वाकतो, आणि तो वाकलेला पहिल्याच दिवशी कळत नाही, पुढे थरथर करत क्लच जातो. परत मागे घ्या, सेंटर बघा, परत लावा, अर्धा तास गेला तर गेला. आणि गिअरबॉक्स कधीही क्लच प्लेटवर लोंबकळत ठेवू नका, चहा प्यायला जायचं असेल तरी जॅक खाली पाहिजे. डॉवेल पिना (दोन्ही तोंडं नेमक्या जागी धरणाऱ्या) जागेवर आहेत ना, आणि वायरिंग बेल हाऊसिंगच्या फटीत चिमटलं नाही ना, हे टॉर्च घेऊन वरून खालून बघा.

माउंटिंगचे बोल्ट सगळे आधी हाताने लावा, इंजिनाचं वजन रबरावर बसू द्या, मग घट्ट करा. एका बाजूने आवळून दुसरी बाजू ओढून आणली की गाडी आयडलला थरथरते.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट आवर्जून, इंजिन ते चेसी अर्थिंगची पट्टी. ती विसरली की सेल्फ हळू मारतो, सेन्सर काहीबाही दाखवतात, करंट परत जायला दुसरी वाट शोधतो आणि बारीक वायरी, केबली तापतात. दोन्ही टोकं घासून चकचकीत करून लावा. आणि व्हॅक्यूम पंपाचा पाइप! डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनावरच्या पंपाकडून येतं, तो पाइप राहिला तर ब्रेक लाकडासारखा कडक, आणि ते शेडमधून गाडी बाहेर काढतानाच कळतं. ब्रेक पेडल बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

रेडिएटर बोअरच्या पाण्यावर चाललेला असेल तर आत क्षार धरलेला असणार, बाहेर काढलाय तर साफ करून घ्या, कूलंट तयार मिश्रणाचं नाहीतर शुद्ध पाण्यात अर्धं-अर्धं. थर्मोस्टॅट काढून टाकायचा नाही, गावाकडे ही सवय आहे, त्याने इंजिन नीट तापत नाही आणि रिंगा लवकर झिजतात. कूलंट भरताना हीटर गरमवर ठेवा, एअर निघेपर्यंत थोडं थोडं भरत राहा.

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये आहे त्याच ग्रेडचं, या इंजिनांना साधारण १५ डब्ल्यू ४० लागतं, फिल्टर नवीन आणि शक्य असेल तर ऑइलने भरून लावा. भरताना डब्याच्या तोंडाचं सील फाटून आत पडत नाही ना बघा. तुमची गाडी बीएस-४ (धुराच्या नियमांची आधीची पातळी) आहे. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ कोणी वाचत असेल तर त्यांनी डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारी जाळी असलेल्या) गाडीचं कमी राखेचं ऑइलच वापरावं, हे साधं ऑइल त्यात चालत नाही.

पहिला सेल्फ मारायच्या आधी क्रँकच्या पुलीला गोटी (सॉकेट पाना) लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही टणकन अडलं तर जोर लावू नका, टायमिंग तपासा.

मग टर्बोला ऑइल पाजायचं. फीडचा पाइप टर्बोकडून सोडा, भोकात स्वच्छ ऑइल ओता, पंखा बोटाने फिरवत राहा म्हणजे ते बेअरिंगमध्ये उतरेल, परत ओता. मग चारही इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा म्हणजे इंजिन पेटणार नाही, पाइपाचं मोकळं टोक स्वच्छ बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. एका वेळी १०-१५ सेकंद, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. बाटलीत सलग धार आली, मीटरवरचा ऑइलचा लाल दिवा गेला, की पाइप नवीन वायसरने जोडा आणि परत एकदा-दोनदा सेल्फ मारा. धार आलीच नाही तर पुढे जाऊच नका, ऑइल पंपात हवा आहे किंवा कुठेतरी बंद आहे, ते सापडेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. ही एवढी पाच-दहा मिनिटं काम करणारे वाचवतात आणि नवीन टर्बो पहिल्याच सुरुवातीला कोरडा फिरतो.

डिझेल फिल्टर नवीन, हाताच्या पंपाने तो कडक होईपर्यंत डिझेल भरा. आणि इथे जुन्या गाड्यांवर शिकलेल्या मिस्त्रींना एक गोष्ट नक्की सांगा. पंपवाल्या जुन्या इंजिनावर नोजलचा नट ढिला करून एअर काढायची पद्धत होती, कॉमन रेलवर ती करायची नाही. रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, ढिल्या नटातून येणारी धार दिसत नाही एवढी बारीक असते आणि ती कातडी फोडून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते पण हात जायची वेळ येते. लीक शोधायचं असेल तर पुठ्ठा धरा, हात नाही. असं काही लागलंच तर घरी बसू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. इंजेक्टर जुन्या जागेवरचे तिथेच लावले का तेही विचारा, बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरलेला असतो, अदलाबदल झाली तर स्कॅनरने परत भरावा लागतो. इंजेक्टरखालचे तांब्याचे वायसर नवीन.

सुरू करताना एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाला पूर्ण झाकेल अशी जाड प्लायची फळी कापून एका माणसाच्या हातात द्या आणि त्याला तिथेच उभा करा. इंजिन पळालंच तर त्याने फळी दाबून धरायची, हवा बंद झाली की इंजिन मरतं. हात किंवा फडकं लावायचं नाही, फडकं आत ओढलं जातं. इंटरकूलर नीट धुतला असेल तर याची गरज पडणार नाही, तरी फळी पाहिजेच.

सुरू झालं की ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. ऑइलचा दिवा गेला का बघा, दोन-तीन सेकंदात नाही गेला तर बंद. बांधताना लावलेलं ऑइल आणि मॅनिफोल्डमधला ओलावा जळून सुरुवातीला धूर येतो, पाच-दहा मिनिटांत कमी होत गेला पाहिजे. निळा धूर तसाच राहिला तर परतीचा पाइप आणि ब्रीदर परत बघा. फीड, परतीचा पाइप, इंजेक्टर, होज, सगळीकडे टॉर्च मारा. बूस्टचे होज तपासायला सोपी युक्ती, इंजिन बंद असताना टर्बोच्या हवेच्या तोंडाला प्लग लावून कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरने १ बारच्या आत ठेवून सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तिथे क्लिप बदला.

पहिले १,००० किलोमीटर कसे चालवायचे यावर लोकांची दोन टोकं असतात, एक म्हणतात नुसतं आयडलला दिवसभर ठेवा, दुसरे म्हणतात दाबून चालवा. दोन्ही नको. रिंगा लायनरला बसायला थोडा लोड लागतो, नुसत्या आयडलने लायनर गुळगुळीत होतो आणि गाडी कायमची ऑइल खाते. त्यामुळे सुरुवातीला निम्म्या मालावर, वेग कमी-जास्त करत. वाशीची खेप महिनाभर दुसऱ्या गाडीवर द्या, माळशेजला भरलेली गाडी उतरताना इंजिन लोडशिवाय नुसतं रेसमध्ये फिरत राहतं, नवीन रिंगांना ते चांगलं नाही. त्याऐवजी नारायणगाव ते पुण्याचं मार्केट यार्ड करा, पण पहाटे निघा, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासभर आयडलला उभी राहिली तर वर सांगितलेलं सगळं तिथेच वाया जातं. बंद करताना, खास करून चढ चढून आल्यावर, मिनिट-दोन मिनिटं आयडलला ठेवा, टर्बो शांत होऊ द्या. हे पुढेही कायम.

५०० ते १,००० किलोमीटरच्या मध्ये पहिलं ऑइल आणि फिल्टर बदला आणि तो जुना फिल्टर फेकू नका. पत्र्याच्या कात्रीने कापा, हॅकसॉ नको, त्याचाच चुरा आत पडतो. आतला कागद उलगडून उन्हात पांढऱ्या कापडावर पसरा, चुंबक फिरवा. बारीक राखाडी मळी असणारच. पण ॲल्युमिनियमची चमक किंवा पितळी कण दिसले तर गाडीवर माल भरायचा नाही, फोटो काढा आणि आधी बांधणाऱ्याकडे जा.

राहिलं आरसीचं. ब्लॉक तुमचाच असेल तर इंजिन नंबर तोच, काही करायचं नाही. बांधणाऱ्याने ब्लॉक बदलून दुसरा दिला असेल तर नंबर वेगळा असणार, तो आत्ताच वाचून आरसीशी जुळवून बघा, कारण चढवल्यावर तिथे नजर पोचत नाही. वेगळा निघाला तर बिल घ्या आणि इंजिन चढवायच्या आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलाची नोंद लागते, नाहीतर पुढे पासिंगला आणि इन्शुरन्स क्लेमला गाडी अडते.